डीपीएफ दोनदा साफ केला, सेन्सर बदलला, तरी स्कूल बसचा दिवा परत का लागतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. पाच वर्षं चाललेली स्कूल बस. गेले दोन महिने डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागतोय. फिल्टर दोनदा उतरवून साफ करून आणला. कोड बघून एक नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारा) नवा टाकला. तरी दर तीन-चार दिवसांनी गाडी उभी करून रिजन मारावं लागतंय, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळावी लागतेय. त्यात आता एससीआरची (नॉक्स कमी करणाऱ्या भागाची) कार्यक्षमता कमी असल्याचा कोड आला आणि गाडीची ताकद उतरली. एक फिटर म्हणतो नवा फिल्टर टाका. दुसरा म्हणतो सगळी सिस्टीम काढून टाका, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) प्रोग्राम करून घ्या, कटकट मिटेल. दोघांपैकी कुणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

आज तरी दोघांचंही ऐकू नका. नवा फिल्टर टाकलात तर दोन महिने बरे जातील आणि मग तोही भरेल, कारण फिल्टर ज्यामुळे भरतोय ते गाडीत जसंच्या तसं राहणार आहे. सिस्टीम काढून टाकण्याबद्दल शेवटाकडे लिहितो, कारण ते मला मनापासून सांगायचंय.

मी बावीस वर्षं डिझेल बसवर काम करतोय. धूर साफ करणाऱ्या या सिस्टीम आल्यापासून जितक्या गाड्या माझ्याकडे ‘फिल्टर गेला’ म्हणून आल्या, त्यांतल्या बहुतेकांमध्ये बिघाड फिल्टरच्या आधी कुठेतरी निघाला. म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा वाचतो: एवढी काजळी तयार कुठे होतेय, आणि झालेली काजळी जळत का नाहीये? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. दोन्ही एकत्र धरले की माणूस सेन्सर बदलत बसतो.

काही गोष्टी तुमच्या गाडीवर अवलंबून आहेत, त्या इथे बसून मी ठरवू शकत नाही. रिजनसाठीचं जादा डिझेल सायलेन्सरच्या पाइपात वेगळ्या इंजेक्टरने मारलं जातं, की सिलिंडरमधल्याच इंजेक्टरने उशिरा मारलं जातं? ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था, आहे का? नॉक्स सेन्सर एक की दोन? प्रत्येक इंजिनाचे दाबाचे आणि तापमानाचे आकडे वेगळे असतात. मी खाली जे आकडे देतो ते दिशा कळावी म्हणून. अंतिम शब्द तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलचा.

आता ही साखळी एकदा नीट डोळ्यांपुढे आणा. इंजिनातून निघालेला धूर आधी डीओसीतून जातो. हा एक कॅटॅलिस्ट आहे. तो न जळलेलं डिझेल आणि कार्बन मोनॉक्साइड जाळतो आणि नायट्रिक ऑक्साइडच्या काही भागाचं नायट्रोजन डायऑक्साइड करतो. मग येतो डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. त्यापुढे धुरावर डीईएफ फवारलं जातं. त्याला कुणी युरिया म्हणतं, कुणी ॲडब्लू, पण वस्तू एकच: 32.5 टक्के युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि शेवटच्या एससीआर कॅटॅलिस्टमध्ये तो अमोनिया नॉक्सचं नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो.

यात एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. डीओसीत तयार होणारं ते नायट्रोजन डायऑक्साइड पुढे दोन ठिकाणी कामाला येतं. डीपीएफमधली काजळी साधारण 250 ते 400 अंश सेल्सिअसला, जादा डिझेल न मारता, हळूहळू जळते ती त्याच्याच जोरावर. आणि एससीआर कमी तापमानाला नीट चालतो तोही त्याच्याच जोरावर. म्हणजे डीओसीच्या तोंडावर काजळीचा थर बसला, किंवा तो टर्बोतून आलेल्या ऑइलने माखला, तर आधी डीपीएफ भरायला लागतो आणि मागाहून एससीआरचा कोड येतो. तुमच्या गाडीत तक्रारी नेमक्या याच क्रमाने आल्यात. हेच कारण आहे असं मी म्हणत नाही, पण तुम्ही लिहिलेल्या लांबलचक हकिगतीत डीओसीचं नाव एकदाही आलेलं नाही, ते मला खटकलं. दोन तक्रारींचं मूळ एक असू शकतं.

स्कॅनर लावायच्या आधी मी एक काम करतो, ते तुम्हीही करा: ड्रायव्हरशेजारी बसून सकाळची पूर्ण फेरी मारा. स्कूल बसचं आयुष्य लांब पल्ल्याच्या गाडीसारखं नसतं. दोनशे-चारशे मीटरवर थांबा, दार उघडा, मुलं चढेपर्यंत आयडल, पुन्हा पहिला गिअर. शाळेसमोर रांगेत वीस-पंचवीस मिनिटं इंजिन चालू. आयडलला धुराचं तापमान शंभर-दीडशे अंशांच्या आसपास रेंगाळतं, त्यात काजळी आपोआप जळत नाही. एकदा मी अशाच एका बसच्या मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. पन्नास मिनिटांच्या फेरीत डीपीएफच्या तोंडाशी तापमान अडीचशेच्या वर गेलं ते जेमतेम अकरा मिनिटं, तेही एका चढावर आणि शाळेआधीच्या सरळ रस्त्यावर. त्या गाडीत एकही पार्ट खराब नव्हता. तिला दिवसातून एकदा पाऊण तास सलग पळायला मिळत नव्हतं, एवढंच. त्याच ताफ्यातल्या लांबच्या मार्गावर तिला आठवड्यातून दोन दिवस लावलं, शाळेसमोर इंजिन बंद ठेवायची सवय लावली, आणि दिवा लागायचा थांबला.

ड्रायव्हरला आणखी एक विचारायचं, आणि रागावून नाही: रिजन चालू असताना गाडी बंद करता का? बऱ्याचदा असं होतं की फेरीच्या शेवटी इंजिन तापतं, चालत्या गाडीत रिजन सुरू होतं, आणि चार मिनिटांत गाडी जागेवर पोचून बंद होते. दुपारी तेच. अर्धवट रिजन म्हणजे डिझेल मारलं गेलं पण काजळी जळाली नाही. ज्या इंजिनात हे डिझेल सिलिंडरमध्ये उशिरा मारलं जातं, तिथे त्याचा काही भाग भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये जातो. म्हणून डिपस्टिक काढून बघा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या वर चढली असेल, वासात डिझेल येत असेल, ऑइल बोटांत पातळ लागत असेल, तर रिजन अर्धवट सुटत असल्याची किंवा इंजेक्टर गळत असल्याची ती खूण आहे. असं ऑइल आधी बदला, मग पुढची तपासणी. स्कॅनरमध्ये सुरू झालेल्या आणि पूर्ण झालेल्या रिजनची नोंद मिळत असेल तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून घ्या. चाळीस सुरू आणि सहा पूर्ण, असं दिसलं की अर्धं निदान झालंच.

मग वीज. हे कंटाळवाणं वाटतं, पण बसमध्ये दिवे, दार, पंखे, अलार्म असं खूप काही जोडलेलं असतं आणि बॅटरी सतत दमलेली असते. स्टार्टर मारताना व्होल्टेज फार पडलं तर सेन्सर आणि मॉड्यूल बिनबुडाचे कोड टाकतात. बॅटरीची टर्मिनल, चासीचं अर्थिंग, इंजिनाचं अर्थिंग काढून घासून लावा. नऊ पिनांच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये, बॅटरी तोडून, सी आणि डी या पिनांमध्ये रोध मोजा. गाडीतली मॉड्यूल याच दोन वायरींच्या लाइनवरून एकमेकांशी बोलतात. साधारण 60 ओहम यायला हवा. 120 आला तर दोन टर्मिनेटरांपैकी एक, किंवा मधली वायर, तुटली आहे. नॉक्स सेन्सर आपलं मापन याच लाइनवरून पाठवतो. ती लाइन आजारी असेल तर चांगला सेन्सरही मेलेला दिसतो. तुम्ही बदललेला सेन्सर खरंच गेला होता का, याची मला शंका आहे. जुना टाकून दिला नसेल तर जपून ठेवा.

कोड वाचताना नुसता नंबर बघू नका, त्याच्या मागचा एफएमआय, म्हणजे बिघाडाचा प्रकार सांगणारा आकडाही बघा. एसपीएन 3251 म्हणजे डीपीएफच्या दोन बाजूंमधल्या दाबाचा फरक, एसपीएन 4364 म्हणजे एससीआरची कार्यक्षमता. हे झालं ‘कुठे’. ‘काय झालं’ ते एफएमआय सांगतो. 3, 4 किंवा 5 असेल तर तक्रार विजेची आहे: वायर, कपलर, सेन्सर. 0, 16 किंवा 18 असेल तर सेन्सर ठीक वाचतोय आणि मोजलेली गोष्टच मर्यादेबाहेर आहे. 4364 सोबत 18 दिसत असताना सेन्सर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं. काही इंजिनांत हेच पी20ईई, पी2463 अशा रूपात दिसतं. आणि कृपा करून कोड लगेच पुसू नका. कोड पडला त्या क्षणी वेग किती होता, तापमान किती होतं, लोड किती होता, ही नोंद कोडसोबत साठलेली असते. पुसला की तीही गेली.

आता काजळीचा उगम. माझा क्रम ठरलेला आहे: आधी हवा, मग ईजीआर, मग डिझेल, मग कूलंट. हवेपासून सुरू करतो कारण तिथे सर्वांत जास्त वेळा सापडतं आणि खर्च जवळजवळ शून्य. इंजिनाला हवा कमी पडली की काजळी वाढते, साधी गोष्ट आहे. पण ही गळती आयडलला दिसत नाही. टर्बोचा दाब चढला की होजची चीर उघडते, आणि गाडी उभी केली की मिटते.

एका बसवर मी तीन तास घालवले होते. तिचाही डीपीएफ आधी दोनदा साफ झालेला. एअर फिल्टर स्वच्छ, होज बाहेरून टणक, क्लॅम्प घट्ट. शेवटी टर्बोच्या तोंडाला टोपी बसवून, तिला साखळीने बांधून (बांधायचीच, कारण दाबाने सुटली तर माणसाला लागते), दोन बारच्या आसपास हवा भरली आणि साबणाचं पाणी ब्रशने फिरवलं. इंटरकूलरच्या खालच्या होजवर, क्लॅम्पच्या बरोबर खाली, नखाएवढ्या जागेत बारीक फेस यायला लागला. क्लॅम्प सोडून होज वाकवली तर आत तीन सेंटिमीटरची चीर, तिच्या कडा ऑइलने काळ्या झालेल्या. ती चीर त्या गाडीला रोज जादा काजळी देत होती. होज बदलली, एक रिजन पूर्ण केलं, आणि त्या फिल्टरला पुन्हा हात लावावा लागला नाही. फार महागड्या हत्यारांची गरज नव्हती. साबण, ब्रश, आणि होज हाताने वाकवून बघायची तयारी.

ईजीआर उघडा अडकला तर जळालेला धूर परत आत येतो आणि ताज्या हवेची जागा खातो. स्कॅनरवरून व्हॉल्व्हला उघड-मिट करायला सांगा, मागितलेली आणि प्रत्यक्ष स्थिती जुळते का बघा. इंजेक्टरसाठी सिलिंडरनिहाय करेक्शनचे आकडे बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा असेल तर तिकडे वळा. कूलंट मात्र हलक्यात घेऊ नका. टाकीतली पातळी वारंवार उतरतेय पण जमिनीवर थेंब नाही, तर ईजीआर कूलर आतून गळत असू शकतो. ते कूलंट डीओसी आणि डीपीएफवर जाऊन बसतं, तिथे पांढुरके डाग दिसतात, आणि मग महाग भाग खरोखरच निकामी होतात. टर्बोच्या बाहेर जाणाऱ्या पाइपात ओलं ऑइल दिसलं, तर तेही इथेच धरा.

एवढं झालं की मग डीपीएफकडे या. इंजिन बंद, चावी चालू: दाबाच्या फरकाचा सेन्सर शून्य दाखवायला हवा. शून्याऐवजी काही आकडा आला तर सेन्सर सरकलाय किंवा त्याच्या नळ्यांमध्ये पाणी अडकलंय. त्या दोन बारीक नळ्या हातात घेऊन बघा. त्या सायलेन्सरजवळून जातात, वितळतात, चिरतात, काजळीने बुजतात, आणि कुणीतरी काम करताना उलट्याही लावून ठेवतं. फिल्टर दोनदा उतरला म्हणजे त्या नळ्याही दोनदा सुटल्या, हे विसरू नका.

काजळी आणि राख यांतला फरक इथे महत्त्वाचा. काजळी जळते. राख जळत नाही. ती इंजिन ऑइलमधल्या ॲडिटिव्हची असते, वर्षानुवर्षं साठते, आणि फक्त फिल्टर उतरवून साफ केल्यावरच निघते. म्हणून चुकीचं, जास्त राखेचं ऑइल टाकलं की फिल्टर वेळेआधी भरतो. तुमचा फिल्टर ज्यांनी साफ केला त्यांच्याकडे साफ करण्याआधीचं आणि नंतरचं वजन मागा, हवेच्या प्रवाहाची चाचणी केली असेल तर तीही मागा. आकडे नसतील तर ‘साफ केला’ या शब्दावर मी विसंबणार नाही. नुसत्या पाण्याच्या किंवा हवेच्या झोताने वरवरचा काळेपणा जातो, आतली राख तशीच राहते.

शिवाय साफ केलेला फिल्टर बसवल्यावर ईसीएममधली राखेची आणि काजळीची नोंद स्कॅनरने रीसेट करावी लागते. ती राहिली तर ईसीएम जुनाच हिशोब धरून चालतो. याच्या उलट, साफ न करता नुसती नोंद पुसणं धोक्याचं आहे. प्रमाणाबाहेर साठलेली काजळी एकदम पेटली तर आतला सिरॅमिक तडकतो. तडकलाय का, हे बघायची साधी रीत: गाडी थंड असताना पांढरं फडकं बोटाला गुंडाळून टेलपाइपच्या आतून फिरवा. डीपीएफ धड असेल तर फडकं जवळपास स्वच्छ येतं. काळंभोर आलं तर काजळी जाळीतून पलीकडे जातेय.

पुढची चाचणी तुमच्या बाबतीत सर्वांत जास्त सांगेल, असा माझा अंदाज आहे. उभ्या गाडीतलं रिजन चालू करा आणि डीओसीच्या आधीचं व नंतरचं तापमान एकाच आलेखावर बघा. आधीचं तीनशेच्या आसपास चढून स्थिर होतं, मग डिझेल मारायला सुरुवात होते, आणि डीओसीनंतरचं तापमान साडेपाचशे ते सहाशेपर्यंत जायला हवं. आधीचं तापमानच चढत नसेल तर डिझेल मारलंच जात नाही, इंजिनाकडे बघा. आधीचं चढलं, डिझेल मारलं जातंय, पण नंतरचं रेंगाळतंय, तर एक तर पाइपातला इंजेक्टर बुजलाय किंवा डीओसी काम करत नाहीये. इंजेक्टर काढून त्याचा फवारा तपासता येतो. तो चांगला निघाला तर डीओसी उघडून त्याचं तोंड टॉर्चने बघा. मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं दिसायला हवीत. काळा, फुगलेला थर दिसला तर तुमच्या दोन्ही तक्रारींचा धागा हातात आला.

उभ्या गाडीतल्या रिजनबद्दल एक गोष्ट बजावून सांगतो. मुलं गाडीत असताना किंवा आसपास असताना ते कधीही करू नका. टेलपाइपमधून निघणारी हवा भाजून काढेल इतकी गरम असते. शेडमध्ये नको, सुक्या गवतावर नको, दुसऱ्या गाडीला टेकून नको. हँडब्रेक ओढून एक माणूस पूर्ण वेळ जवळ उभा हवा. अर्धा-पाऊण तास लागतो, कधी त्याहून जास्त. ‘मुलं यायच्या आत पटकन उरकू’ असं ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी रिजन करूच नका, दुसरी गाडी पाठवा.

आता एससीआर. सुरुवात डीईएफच्या टाकीपासून. थोडं डीईएफ स्वच्छ काचेच्या बाटलीत काढा. ते पाण्यासारखं नितळ हवं. वर तेलकट तवंग किंवा रंग दिसला तर टाकीत डिझेल गेलंय. तसं असेल तर चावीसुद्धा फिरवू नका, कारण पंप ते सगळीकडे पोचवेल. नितळ असेल तर डीईएफच्या रिफ्रॅक्टोमीटरने बघा, 32.5 च्या अगदी जवळ हवं. पण रिफ्रॅक्टोमीटर फक्त युरिया किती आहे ते सांगतो. कुणी नळाच्या पाण्यात युरिया विरघळवून प्रमाण बरोबर साधलं असेल तर त्यातली खनिजं त्याला दिसत नाहीत, आणि कॅटॅलिस्ट मारणारी खनिजंच असतात. म्हणून पाण्याचा जडपणा तपासायच्या पट्ट्याही जवळ ठेवा. कूलंटचा रिफ्रॅक्टोमीटर वापरू नका, त्याची पट्टी वेगळी असते.

स्कूल बसला मोठी सुट्टी असते, हे डीईएफच्या बाबतीत फार नडतं. 25 अंशांपर्यंत ठेवलं तर डीईएफ साधारण दीड वर्ष टिकतं, 30 अंशांपर्यंत एक वर्ष, आणि 35 पर्यंत तापत राहिलं तर सहा महिनेच. उन्हात उभ्या गाडीच्या अर्ध्या भरलेल्या टाकीत ते अजून लवकर बिघडतं. सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात कोड येणाऱ्या गाड्यांत मी आधी जुनं डीईएफ काढून टाकतो, आणि वायरिंगला उंदरांनी तोंड लावलंय का ते बघतो.

आणखी एक सवय, जी मी बसवरच जास्त बघितली. ड्रायव्हर इंजिन बंद करतो आणि त्याच हाताने बॅटरीचा मेन स्विच कापतो. काटेकोर आणि जबाबदार ड्रायव्हर हे जास्त करतात, म्हणून त्यांना दोष देऊ नका, कारण समजावून सांगा. अनेक सिस्टीममध्ये इंजिन बंद झाल्यावर पंप काही वेळ चालत राहतो आणि नळीतलं, नोझलमधलं डीईएफ मागे टाकीत ओढून घेतो. वीज तोडली की ते जागेवरच राहतं, वाळतं, आणि नोझलवर मिठासारखे पांढरे खडे धरतात. पुढच्या वेळी फवाऱ्याऐवजी थेंब पडतात, थेंबांचा अमोनिया होत नाही, पाइपात पांढरे दगड तयार होतात. किती वेळ थांबायचं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. काहींना एक-दोन मिनिटं पुरतात, काहींना जास्त. डॅशबोर्डवर एक चिकटपट्टी लावून त्यावर तो वेळ लिहा.

नोझल काढून मापाच्या भांड्यात धरा आणि स्कॅनरवरून डोसिंगची चाचणी चालवा. ठरलेल्या वेळात किती मिलिलिटर पडलं ते मॅन्युअलशी ताडा. फवारा धुक्यासारखा आणि सरळ हवा.

राहिला नॉक्स सेन्सर. दोन असतील तर त्यांना एकमेकांशी बोलायला लावा. डीईएफ मारणं बंद असताना, इंजिन तापवून, पुढचा आणि मागचा आकडा बघा. कॅटॅलिस्टमध्ये साठलेला अमोनिया संपायला थोडा वेळ लागतो, तेवढं थांबा. मग दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. पुढचा 400 पीपीएम आणि मागचा 390, तर दोघंही खरं बोलतायत. मग डोसिंग चालू करा. मागचा 40 पर्यंत उतरला तर कार्यक्षमता 90 टक्के, कॅटॅलिस्ट ठणठणीत. न उतरला तर मागचा सेन्सर बदलायची घाई नको. हा सेन्सर अमोनियालाही नॉक्ससारखाच मोजतो. डीईएफ प्रमाणाबाहेर पडत असेल तर उरलेला अमोनिया मागून बाहेर येतो आणि सेन्सर ‘नॉक्स जास्त’ असं सांगतो. ईसीएमला वाटतं डीईएफ कमी पडतंय. टेलपाइपजवळ झोंबणारा वास आला तर हीच शक्यता आधी धरा. मधल्या फ्लँजमधून हवा आत शिरत असेल तरी आकडे बिघडतात, म्हणून गॅस्केटभोवती काळे फराटे शोधा.

आता त्या दुसऱ्या सल्ल्याबद्दल. सिस्टीम काढून टाकणं अनेक देशांत बेकायदा आहे, हा एक भाग झाला. मला जास्त सतावतं ते वेगळं. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली नक्की केलं आणि त्याला पहिल्या गटात टाकलं. शाळेसमोर बसच्या रांगेत उभं राहणारं पहिलीतलं मूल बघा. त्याचं नाक टेलपाइपपासून किती उंचीवर असतं? बसची दारं दिवसात साठ वेळा उघडतात, मागच्या बसचा धूर आत येतो, आणि आतली मुलं तो तासभर घेतात. ही सिस्टीम त्या मुलांसाठीच बसवलीय. शिवाय ती काढल्याने होजची चीर भरत नाही आणि गळका इंजेक्टर सुधारत नाही. फक्त ते सांगणारं कुणी उरत नाही.

नवा फिल्टर मी कधीच टाकत नाही असं नाही. फडकं काळं आलं, आत वितळलेलं दिसलं, किंवा नीट साफ करूनही हवेचा प्रवाह सुधारला नाही, तर तो बदलावाच लागतो. पण उगम सापडल्यानंतर.

तुमच्या जागी मी असतो तर उद्या सकाळी गाडी थंड असताना डिपस्टिक, टेलपाइपमधलं फडकं, दाबाच्या सेन्सरच्या नळ्या आणि डीईएफची बाटली, ही चार कामं आधी केली असती. अर्ध्या तासात होतात. दुपारी इंटरकूलरची साबण-पाण्याची चाचणी, आणि मुलं घरी पोचल्यावर संध्याकाळी मोकळ्या जागेत रिजन आणि डीओसीचा आलेख. त्या आलेखातले दोन आकडे, डिझेल मारायला लागल्यानंतर दहाव्या मिनिटाला डीओसीच्या आधीचं आणि नंतरचं तापमान, मला लिहून पाठवा. सोबत एफएमआय नंबर, आणि सुरू झालेल्या व पूर्ण झालेल्या रिजनची संख्या. तेवढ्यावरून डीओसी उघडायचा की नाही, हे मी तुम्हाला बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकेन.